साखळीचा संडास

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच वस्तू मनापासून जपली, ती म्हणजे संडासाची साखळी. दर आठवड्याला ते तिला स्वतःच्या हातानं तेल लावत. बायकोच्या डोक्याला तेल आहे की नाही, हे त्यांनी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

किन्हीराजात तेव्हा कुणाच्याच घरी संडास नव्हता. पुरुष दिवसाढवळ्या टमरेल घेऊन नाल्याकडे जात, बायका उजाडायच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर. मधल्या वेळी पोटात कळ आली तर बाईनं ती गिळायची. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, यात कधी काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते वाशीमला कोर्टाच्या कामासाठी गेले असताना एका वकिलाच्या घरी साखळीचा संडास पाहिल्यावर. कामाचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. घरात पाऊल टाकताच म्हणाले, "आपल्याले बी तसाच पाह्यजे. वकील काय आभायातून पडला काय?"

चिनी मातीचं भांडं रेल्वेनं जऊळक्याला आलं आणि तिथून कडब्यात गुंडाळून छकड्यातून घरी. वेशीपासून पोरं छकड्यामागं धावत होती. अकोल्याचा एक मिस्त्री महिनाभर आमच्याकडे जेवला, खड्डा खणून घेतला, नळ टाकला, उंचावर लोखंडी टाकी बसवली. मागं गोठ्याकडे हवी तेवढी जागा पडली होती. पण मागं बांधला तर दाखवणार कुणाला? तेव्हा खोली उठली ती पुढच्या अंगणात, बैठकीच्या ओसरीला लागून. आमच्या घरात देवघर अंधारात आणि संडास दर्शनी.

टाकीत पाणी आपोआप येत नसे. विहिरीवरून घागरी मी आणायच्या आणि गड्यानं शिडी चढून ओतायच्या. एका ओढीला एक घागर. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी मामाजी तिथं नेत आणि साखळी ओढून दाखवत. "काहीबी टाका, साकयी वढली का गेलं! कुठी गेलं, ब्रह्मदेवाले पत्ता नाई!" पाहुणे मान हलवत. मी पुन्हा विहिरीवर जात असे.

बायकांना आडोसा झाला म्हणून गावात त्यांचं कौतुक चाललं होतं. आडोसा कसला! साखळी ओढली की असा धडधडाट होई की गोठ्यातले बैल माना वर करत. बैठकीतली माणसं बोलता बोलता थांबत, आणि मामाजी तिथूनच विचारत, "कोन गेलं व?" नाल्याकडे जाणाऱ्या बाईची खबर नाल्यालासुद्धा नसायची. इथं दार लावून बसलेल्या बाईची वर्दी चार पुरुषांना मिळत होती.

त्यात आणखी एक शहाणपण. कावळा शिवलेल्या बाईनं तो संडास वापरायचा नाही. लोखंडाला विटाळ लागतो का, पाणी वरून खाली येतं की विटाळ खालून वर जातो, यावर मामाजी आणि गावचे भटजी यांनी एक अख्खी दुपार खर्ची घातली. दोघंही पानं खाऊन लाल झाले, तेव्हा ठरलं की विटाळ साखळीवरून टाकीत चढतो. म्हणजे ज्या चार दिवसांत बाईला आडोशाची खरी गरज, त्याच चार दिवसांत तिनं चिंध्या लपवत नाल्याकडे जायचं. इतका पाणचट विचार मी पुढं आयुष्यात क्वचितच ऐकला.

माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. दर महिन्याला मी मागच्या छपरीत बाहेर बसले की साऱ्या घराला कळे, याही खेपेला काही नाही. आमचे हे एकुलते एक. मामाजींनी त्यांच्यासाठी दुसरी मुलगी शोधायला सुरुवात केली. यांना विचारलं, तर म्हणाले, "बाबा म्हनतीन तसं," आणि पऱ्हाटी पाहायला शेतात निघून गेले. देवानं पाठीचा कणा सगळ्यांना दिला. यांनी तो फक्त गादीवर टेकवायला वापरला.

मुलगी नक्की झाली की माझं काय होणार, हे मला ठाऊक होतं. एकतर माहेर, नाहीतर जन्मभर त्या दुसरीच्या पोरांची धुणी. आणि एक दिवस मुलीचा मामा घर पाहायला येणार असं ठरलं. त्याच्या यायच्या दोन दिवस आधी मी बाहेरची झाले.

मी बाहेर बसले नाही.

आजही सांगते, त्याची मला लाज वाटत नाही. एक महिना खोटं बोलायचं, घराला आशा लागू द्यायची, तेवढ्यानं सोयरीक लांबली तर लांबली. प्रश्न फक्त चिंध्यांचा होता. धुवून वाळत घातल्या तर दिसणार, नाल्याकडे नेल्या तर कुणीतरी विचारणार. तेव्हा मला मामाजींचं वाक्य आठवलं. काहीबी टाका, साखळी ओढली की गेलं. मी त्या माणसाच्या एकाही शब्दावर कधी विश्वास ठेवला नव्हता, आणि ठेवला तो नेमका याच्यावर.

पहिल्या दिवशी चिंधी टाकली, साखळी ओढली, आणि ती खरंच गेली. मला इतका आनंद झाला की मी दाराआड उभी राहून तोंडावर पदर धरून हसले. दुसऱ्या दिवशी दोन टाकल्या. बैठकीतून आवाज आला, "लय पानी सांडून राह्यल्या बा ह्या बाया." सांडू दे, घागरी मीच वाहत होते.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणत असे. बाई कडक. माझ्याशी सहा वर्षांत कामापलीकडे चार शब्द बोलली नसेल. माझे दिवस तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ. तारीख उलटली आणि मी बाहेर बसले नाही हे तिनं पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी न बोलता तिनं माझ्या भाकरीवर तुपाची धार सोडली. मग बैठकीच्या दारात जाऊन मामाजींना म्हणाली, "आठ दिवस थांबा. पाव्हन्याले आत्ता नोका बलावू."

"पाहून ठेवाले काय जाते?" मामाजी म्हणाले.

ते तूप मी भाकरीच्या कडेला सारत राहिले. ही बाई देवधर्माची, सोवळ्याची. तीन दिवस ती माझ्या हातचं खात होती, आणि मी तिला फसवत होते. पण मागं फिरायची सोय उरली नव्हती.

दुपारी मुलीचा मामा आला. जरीचा रुमाल आणि नवे कोरे बूट. मामाजींनी त्याला पाणीसुद्धा धड पिऊ दिलं नाही, सरळ संडासाकडे नेलं. मागोमाग आमचे हे आणि आणखी दोघं. सोयरिकीच्या बोलण्याला आलेली ती पुरुषमंडळी एका भांड्याभोवती आरतीला उभी राहावी तशी उभी राहिली. "काहीबी टाका," मामाजींनी सुरू केलं आणि साखळी ओढली.

पाणी खाली गेलं नाही. वर आलं. भांड्याच्या काठाशी क्षणभर थांबलं आणि मग जे काय होतं त्यासकट पाहुण्याच्या नव्या बुटांवरून वाहत अंगणात आलं. मामाजींनी घाबरून पुन्हा साखळी ओढली. ज्याला अक्कल म्हणतात ती त्यांच्या घराण्यात नव्हतीच. टाकीत राहिलं होतं तेवढंही खाली आलं.

गड्यानं बांबूच्या टोकाला आकडा बांधला आणि नळात घातला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दोन-तीन हिसक्यांत एक चिंधी बाहेर आली. मग दुसरी. गड्यानं ओळखलं आणि मान फिरवली. तेवढी लाज त्या अंगणात फक्त त्याला होती. बाकीचे वाकून पाहत होते. चिंधीचा काठ हिरवा होता. आत्याबाईंचं फाटलेलं लुगडं तिनंच मला दिलं होतं.

"कोनाचं हाय हे?" मामाजी ओरडले. घरात बायका दोनच. आत्याबाईंचं बाहेर बसणं बंद होऊन सहा-सात वर्षं झाली होती, हे त्या घराच्या भिंतींनाही माहीत होतं. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

आत्याबाई माझ्या मागून आली. तिनं चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं होतं. तूप, तीन दिवस, सगळं. मला वाटलं आता ही मला केसाला धरून अंगणात ओढते.

"माहं हाय," ती म्हणाली. "मले कावळा शिवला. मीच टाकलं."

मामाजींचं तोंड उघडं ते उघडंच. खोटं आहे हे त्यांना कळत होतं, पण ते सिद्ध करायचं तर चारचौघांत बायकोला काय विचारावं लागलं असतं? ज्या गृहस्थाला येणाऱ्या-जाणाऱ्याला संडास दाखवायची लाज नव्हती, त्याला हे विचारायची लाज वाटली. पाहुणा बूट हातात घेऊन अनवाणीच गेला, आणि त्याचा निरोप कधी आला नाही.

आत्याबाई पन्नाशीत मागच्या छपरीत चार दिवस बाहेर बसली. ताट दुरून सरकवायचं काम माझं. खरी विटाळशी मी, आणि सोवळ्यानं तिला वाढत होते. पहिल्या दिवशी मी रडत म्हणाले, "आत्याबाई, कायले केलं तुमी हे?"

तिनं घास तोडला. "मी या घरात दुसरी आली. पहिली तवा जिती होती. अथीच बसे, दर महिन्याले. तिले मूल नोयतं. मी तिच्यासंगं कधी बोलली नाई, मले बोलू देल्लं नाई. मंग एक दिवस तिले छकड्यात बसवून माहेरी धाडलं. मी दारात उभी होती, पाहत राह्यली."

पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन ती ओल्या केसांनी तशीच बैठकीत गेली. पुरुषांसमोर ती तिथं कधी गेली नव्हती. मामाजी साखळीला तेल लावायला वाटी घेऊन निघाले होते. "सवत आनाची असन तं आना," ती म्हणाली, "पन पयले छकडा जुपा. सुनेसंगं मी बी जातो."

सवत आली नाही. मूलही झालं नाही. नळ पुन्हा कधी धड चालला नाही, आणि त्या खोलीत पुढं सरकीची पोती ठेवू लागले. मामाजी साखळीला तेल मात्र लावत राहिले.

पाहुणा येऊन गेला त्याच्या पुढल्या महिन्यात मी छपरीत बाहेर बसले, तेव्हा आत्याबाई आपलं ताट घेऊन आली आणि चार हात अंतर ठेवून माझ्यासमोर जेवायला बसली. "आता खोटं नोको बोलू," ती म्हणाली. "तिच्यापाशी कोनी बसलं नाई. तुह्यापाशी मी हाओ."