टॉइवोचा जळका टीव्ही

टीव्ही दुरुस्त करणारी इंकेरी साल्मेला चालू टीव्हीत हात घालायची तेव्हा डावा हात न चुकता पाठीमागच्या खिशात असायचा. दोन्ही हात आत असताना झटका बसला, तर वीज छातीतून आरपार जाते. हे ती दुसऱ्या महायुद्धात रेडिओच्या कारखान्यात शिकली होती. अमेरिकेत मिनेसोटातल्या त्या खाणीच्या गावात सुरुवातीला लोक दार उघडून विचारायचे, "मिस्त्री कुठाय?" आता बावीस वर्षांनी तिलाच मिस्त्री म्हणत.

एका शनिवारी दुपारी टॉइवो लाहतीचा फोन आला. उभी हयात खाणीत सुरुंग लावण्यात गेलेला, एकटा राहणारा म्हातारा.

"जळका वास आला गं. संध्याकाळी आइस हॉकीची मॅच आहे. म्हटलं, आपणच बघू. मागचं झाकण काढलंय."

"हात घालू नकोस. आलेच."

बर्फ तुडवत ती पोचली, तर टॉइवो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टीव्हीत डोकावतच होता.

"टॉइवो! मागे हो!"

"अगं, प्लग काढलाय की! आता काय चावणार आहे?"

"न उडालेल्या सुरुंगापाशी तू लगेच जायचास का?"

तो गुमान खुर्चीत जाऊन बसला.

इंकेरीने अंगठी काढून ठेवली. स्क्रू-ड्रायव्हरला बांधलेल्या तारेचं दुसरं टोक तिने टीव्हीच्या पत्र्याच्या सांगाड्याला अडकवलं. मग प्लॅस्टिकची मूठ धरून पातं चित्राच्या काचेच्या नळीवरच्या रबरी टोपीखाली हळूच सरकवलं. फाट्‌! निळी ठिणगी उडाली.

"अरे देवा," टॉइवो म्हणाला. "हे माझ्या बोटांत गेलं असतं?"

"बोटांतच थांबलं असतं तर नशीब."

तिने पुन्हा एकदा तसंच केलं, कारण नळी एकदा रिकामी केली तरी थोडी वीज परत साठवते. मग फ्यूज बाहेर काढला. त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला.

"हा कुणाचा उद्योग?"

"सारखा उडत होता..."

"काहीतरी बिघडलंय म्हणून उडत होता, बाबा. तू त्याचं तोंडच बांधलंस. घर पेटलं असतं!"

टॉइवोने सिगारेटचं पाकीट हळूच खिशात टाकलं.

फुगून फुटलेला कपॅसिटर सापडला. त्यातलीही वीज उतरवून तिने तो बदलला, नेमक्या क्षमतेचा फ्यूज घातला, आणि थेट प्लग न लावता मधे शंभर वॉटचा बल्ब जोडला. आत अजून शॉर्ट असता तर बल्ब भगभगून पेटला असता. तो क्षणभर उजळला आणि मंद झाला.

"आता ठीक आहे," ती म्हणाली. बल्ब काढून तिने टीव्ही सरळ सुरू केला. चित्र आलं.

टॉइवोने कॉफी चढवली, वेलदोड्याचा पाव कापला. एरवी ती कुणाकडे थांबत नसे. मॅच सुरू झाली, टॉइवो पंचाच्या नावाने बोटं मोडायला लागला.

"तो पांढऱ्या कपड्यातला कोण रे?" तिने विचारलं, आणि पावाचा दुसरा तुकडा उचलला.