चौदा फेरे

"ओत," बिल्डिंगचा सेक्रेटरी म्हणाला.

माझ्या हातात वीस लिटरचा कॅन होता. बिल्डिंगच्या टाकीतून भरलेला. सकाळचे साडेसात. गेटजवळ पाइप लावून कुणाची तरी गाडी धुणं चाललं होतं. मागच्या चाळीतल्या बाया कोरड्या नळापाशी हंडे लावून उभ्या होत्या. सगळे बघत होते.

"साहेब, घरात बायको आजारी आहे."

"कुंड्यांना ओत. तुला पाणी सोडायला ठेवलंय, प्यायला नाही."

तो माझ्या मुलाच्या वयाचा. कालपर्यंत मला काका म्हणायचा. मी ओतलं. कुंड्या भरल्या, पाणी फरशीवरून वाहायला लागलं. "अजून आहे त्यात," तो म्हणाला. कॅन उपडा होईपर्यंत तो जागचा हलला नाही.

एवढंच सांगितलं तर मी बिचारा ठरतो. मी बिचारा नाही.

तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मला बोईसरच्या या बिल्डिंगमध्ये पाणी सोडायचं काम मिळालं. सोबत मागच्या चाळीत एक खोली. काम आहे तोवर खोली. पुढे बिल्डिंग, मागे नऊ खोल्या, दोघांना पाण्याची एकच लाइन. गेटपाशी तिला दोन फाटे फुटतात. प्रत्येकावर जमिनीखाली एक व्हॉल्व्ह. तो लांब दांड्याच्या चावीने फिरवायचा. पूर्ण उघडायला चौदा फेरे लागतात. पहिल्याच दिवशी सेक्रेटरीने सांगितलं, "मागे चार पुरे." झाकणाखाली वाकून कोण बघणार? मी सहा वर्षं चार फेरे दिले.

माझी चूल मात्र कधी अडली नाही. चाळ उठायच्या आत मी बिल्डिंगच्या टाकीतून कॅन भरून आणायचो. त्या दिवशी बायकोच्या तापापायी उशीर झाला आणि सेक्रेटरीने पकडलं. बायकोला माहीत होतं.

याहून वाईट पुढे आहे.

आमच्या शेजारी सुमन आणि लहानू राहतात. जव्हारकडच्या डोंगरातले. तिकडे भात पावसावर, म्हणून लहानू इथे कारखान्यात लागला. गेल्या उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली. पाइप गंजून चोंदला असेल, असं लहानूच्या डोक्यात आलं. चाळीने दोन रविवार खपून गेटपासून नळापर्यंत लाइन खणली. लहानू रात्रपाळी करून आला आणि तसाच कुदळ घेऊन उतरला. मी त्यांना चहा नेऊन दिला. मातीही उपसली.

पाइप आतून स्वच्छ निघाला.

लहानू मातीत बसला. त्याच्या तळहातांना फोड आले होते. "मामा, आता काय करायचा?"

मी म्हणालो, "वरूनच प्रेशर नाही रे."

चावी तेव्हा माझ्या खांद्यावर होती.

कॅन ओतला त्या दिवशी मी खोलीचं दार लावून बसलो होतो. घरात थेंब नव्हता. बायको तापाने फणफणलेली. दाराची कडी वाजली. सुमन उभी. हंड्यात अर्ध्याहून कमी पाणी.

"मामा, तुमच्याकडं आज पानी नाय ना. मामीला घ्या."

"तुमचं काय?"

"आमचा काय, आमाला सवय हाय."

ती सवय मी लावली होती. रोज सकाळी, मोजून. सेक्रेटरीने माझ्याशी जे एकदा केलं, ते मी बाकीच्या आठ घरांशी सहा वर्षं केलं. त्याने निदान समोर उभं राहून केलं. बायकोला त्या हंड्यातलं पाणी पाजलं. मी स्वतः त्यातलं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला, पाणी यायच्या वेळी, मी चाळीला गेटपाशी बोलावलं. झाकण काढलं. चार फेरे दिले आणि थांबलो. "रोज एवढंच देतो," मी म्हणालो. मग चावी सुमनच्या हातात दिली. "आता तू फिरव. मोठ्याने मोज."

ती पाचपासून मोजायला लागली. दहाच्या पुढे तिचा आवाज बारीक झाला. चौदाला चावी अडली. मागच्या नळाखालचा रिकामा हंडा वाजलेला गेटपर्यंत ऐकू आला.

कुणी पाण्याकडे धावलं नाही. लहानू माझ्याकडे बघत होता.

"आमी खणत होतो तवा तुमाला ठावं होता?"

"होतं."

"आन् चा पाजलात," सुमन म्हणाली.

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

तेवढ्यात सेक्रेटरी खाली आला. "चावी इकडे दे. नाहीतर महिनाअखेर खोली खाली कर."

सुमनने चावी माझ्यापुढे धरली. "घ्या मामा. आमच्यापायी तुमची खोली नको जायला." तिच्या आवाजात माया नव्हती. पारख होती.

मी हात पाठीमागे घेतले. "खोली खाली करतो. चावी चाळीतच राहील."

त्या दिवसापासून ती सुमनच्या दाराशी, खिळ्याला टांगलेली आहे. आम्ही सामान बांधलं आहे. लहानू अजून माझ्याशी बोलत नाही. त्याने बोलावं असं मी म्हणणार नाही.

चाळीने ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. उद्या सुनावणी. व्हॉल्व्ह कुणी आवळून ठेवला, असं विचारतील. सेक्रेटरीचं नाव सांगेन. त्याच्याआधी माझं.