झाड पडताना दिलेली हाक

झाड कापताना माझ्या चुकीनं एक माणूस गेला. लोक म्हणतात, चूक कुणाचीच नव्हती. लोकांना काय जातंय म्हणायला!

नवं मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हाची गोष्ट. कचेऱ्यांतली माणसं इकडची तिकडे बदलून येत होती. तसाच भोपाळकडचा एक कारकून बायकोला घेऊन आमच्या गावच्या बुधवारा पेठेत, आमच्या शेजारी राहायला आला. वयानं माझ्याएवढाच. मी त्याला बाबूजी म्हणायचो, तो मला भाईसाहब. तो मराठी शिकू पाहायचा आणि मी त्याच्या मराठीची यथेच्छ टिंगल करायचो.

तापीकाठी आमच्या केळीच्या मळ्यात विहिरीशेजारी एक वाळका निंब होता. कधी विहिरीत कोसळेल, भरवसा नव्हता. वडील तापानं पडलेले, त्यामुळे करवतीच्या दुसऱ्या टोकाला माणूस नव्हता. बाबूजी म्हणाला, "हम किस लिए हैं, भाईसाहब? मी येतो नं." मीही हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

वडिलांची शिस्त कडक होती. "पहिले पळाची वाट साफ कर, मंग करवत लाव," असं ते दर वेळी बजावायचे. मी तसंच केलं. निंब ज्या बाजूला पाडायचा तिकडून कुऱ्हाडीनं खाच घेतली, मागून करवत लावली, ती अडकू नये म्हणून फटीत पाचर ठोकली. बाबूजीला त्याची वाट दाखवली, त्या वाटेनं दोनदा पळायलाही लावलं. तो हसत हसत पळाला. सगळं सांगितलं, हाक तेवढी सांगायची राहिली. आमच्याकडे झाड सुटलं की "रुख!" म्हणून ओरडतात. रुख म्हणजे झाड. ते ऐकलं की हातातलं टाकून पळायचं. हे कुणाला सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

खोड आतून पोकळ निघालं. ते कडाडलं तसा मी "रुख!" ओरडलो आणि पळालो. बाबूजीही आपल्या वाटेवर दोन पावलं गेला होता. माझी हाक ऐकून तो जागीच थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या हिंदी कानांनी "रुक" ऐकलं होतं. निंब बुंध्यावर फिरला आणि त्याच्याच बाजूला आला.

दवाखान्यात त्यानं दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेरवी झाल्यावर त्याची बायको माहेरी निघाली. जाण्याआधी आमच्या दारात आली आणि हात जोडून म्हणाली, "आखिर तक वो यही कहते रहे, भाईसाहब ने तो रोका था, मैं ही देर से रुका."

मला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती ज्या आदरानं पाहत होती, तो मला सोडवेना. मी नुसती मान हलवली. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि मला वाकून नमस्कार केला.