मुलुंडच्या जत्रेतल्या पाटल्या

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण मुलुंडच्या मालवणी जत्रेतली ती दुपार आठवली की अजून डोकं तापतं.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो, जत्रेच्या बंदोबस्तावर. सकाळपासून तक्रारी ऐकून कान किटले होते. एकाने तर सोलकढी फार आंबट आहे म्हणून येऊन सांगितलं. पोलिसांना!

तेवढ्यात कोंबडी-वड्यांच्या स्टॉलवर रडारड सुरू झाली. "माझ्यो पाटल्यो गेल्यो!" स्टॉलवाल्या काकूंनी पीठ मळण्यापूर्वी सोन्याच्या पाटल्या काढल्या होत्या. आता सापडत नव्हत्या.

गर्दीतले एक गृहस्थ माझ्या कानाशी लागले. "साहेब, त्या बाईंना विचारा. मघापासून इथेच घुटमळतायत." त्या बाई म्हणजे जवळच्या सोसायटीतल्या स्वयंसेविका. पंचेचाळिशीच्या, गळ्यात बिल्ला; सकाळपासून म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या आणि पाणी देत होत्या. गृहस्थांनी काकूंना परस्पर विचारलंही, "यांच्याच हातात दिल्यात ना?"

काकू हुंदके देत म्हणाल्या, "होय, हिच्याच!"

"मी फक्त परात धरली हो," बाई म्हणाल्या.

"झडती घ्या!" गर्दी ओरडली. मीही वैतागलेला. महिला शिपायाला म्हटलं, बघ पर्स. तिने तिथेच, सगळ्यांसमोर उघडली. रुमाल, चष्मा, प्रेशरच्या गोळ्या, अर्धी चिक्की. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

मग जबाब घ्यायला बसलो. सहा जणांनी छातीठोकपणे 'बघितलं' म्हणून सांगितलं होतं. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही स्वतः काय पाहिलंत? कुणीच काही पाहिलं नव्हतं. ते गृहस्थ म्हणाले, "आमच्या मिसेस म्हणाल्या." मी कपाळावर हात मारला.

शेवटी काकूंना चहा दिला. "पीठ मळायला घेतल्यापासून काय काय केलंत, सांगा."

परात घेतली, मीठ घातलं, पाणी घातलं, मग रस्सा साडीवर सांडला.

"मग?"

"साडी बदलली. सुनेन ती घराक नेली." बोलता बोलता काकूंचा हात पदराकडे गेला. "अगो बाय! पदराक गाठ मारल्ली मी!"

सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "साडी बादलीत भिजत घातलीय. थांबा हं... आहेत, गाठीत आहेत."

"मग त्या बाईंच्या हातात दिल्या असं का म्हणालात?" मी विचारलं.

"सगळे बोलाक लागले. माकापण तसाच वाटला."

बाईंना मी तंबूमागे गाठलं. "ताई, चूक झाली आमची."

"चूक सगळ्यांसमोर केलीत, साहेब. माफी एकांतात कशाला मागता?"

मी मुकाट्याने स्टेजवर गेलो, माईक घेतला आणि बोललो. थोड्यांनी ऐकलं. बाकीचे वड्यांच्या रांगेत नंबरावरून भांडत होते.

साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालू नये, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं. मला ते कळलं त्या दिवशी. पुढे गर्दी म्हणते म्हणून मी कधी कुणाची पर्स उघडली नाही.

पुढच्या वर्षीही बंदोबस्त माझ्याकडेच होता. काकूंचा स्टॉल होता, गृहस्थही सहकुटुंब आले होते. त्या बाई मात्र आल्या नाहीत.