रांग मोडायची नाही

ठाण्यातल्या चाळिशीपुढच्या पोलिसांची पोटं फार सुटलीत, हे वरच्या साहेबांच्या लक्षात आलं आणि ती आत घालायचं काम उस्तादांच्या गळ्यात पडलं. त्यांना सगळे उस्तादच म्हणत. उभा जन्म कवायतीच्या मैदानावर काढलेला माणूस. आठवड्यातून एकदा सकाळी ते या मंडळींना आधी पळवायचे, मग रांगेत उभं करायचे. गाडीवरच्या ड्रायव्हरला सगळे नगारा म्हणत, कारण आधी त्याचं पोट मैदानात यायचं आणि मग तो.

"चोर पळाला तर त्याच्यामागे काय पोट पाठवणार आहेस?" उस्ताद ओरडायचे. रांग हसायची, पण दात न दाखवता.

वयानं उस्तादच सगळ्यांत मोठे. पण अंगावर चरबीचा कण नाही आणि पाठ ताठ, म्हणून कुणाला शंका आली नाही. खरं म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशातली गत होती. रक्तदाब इतका चढलेला, की डॉक्टरीणबाईंनी यंत्र काढून पुन्हा लावून पाहिलं. "आधी मैदान सोडा," त्या म्हणाल्या. "ऑफिसात कळवा, हलकं काम देतील."

हलकं काम म्हणजे सामानाची खोली. तिथे जुनी हेल्मेटं आणि तडकलेल्या ढाली सांभाळत बसायचं. मैदान गेल्यावर आपल्यात उरतं काय, हे त्यांना सांगता आलं नसतं, म्हणून त्यांनी ऑफिसात कळवलंच नाही. गोळ्याही सुटीच्या दिवशीच घ्यायचे. गोळीनं आवाज बसतो, असं डोक्यात घेतलं होतं. सगळी सोंगं आणता येतात म्हणतात. तब्येतीचं किती दिवस आणणार?

"अहो, लोकांची पोटं आत घालताय, स्वतःच्या डोक्याचं बघा की," बायको म्हणाली.

"पोट दिसतं, डोकं कुणाला दिसतंय!"

ती हसली. आपण तेव्हा हसलो, याचा राग तिला पुढे कायम येत राहिला.

उस्तादांचा एक नियम होता. 'सावधान' म्हटलं, की 'विश्राम' ऐकू येईपर्यंत पापणीखेरीज काही हलवायचं नाही. शेजारचा पडला तरी नजर समोर. पडलेल्याचं काय करायचं ते उस्ताद बघतील. एकदा उन्हानं नगाराच कोसळला. त्याच्या शेजारच्या वायरलेसवाल्यानं वाकून त्याला हात दिला. नगाऱ्याला उस्तादांनी स्वतः सावलीत नेलं, पाणी पाजलं, आणि परत येऊन वायरलेसवाल्याला जीभ बाहेर येईपर्यंत मैदानाभोवती पळवलं.

"उस्ताद, माणूस पडला होता हो," तो धापा टाकत म्हणाला.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज तू वाकलास, उद्या अख्खी रांग वाकेल."

पुन्हा कुणी वाकलं नाही.

त्या सकाळी उस्तादांनी 'सावधान' दिलं आणि कुणाची तरी छडी खाली पडल्याचा आवाज आला. कुठल्या गाढवानं पाडली म्हणून ते बघायला गेले, तर छडी त्यांचीच होती. उजवा हात जागेवर असून नसल्यासारखा झाला होता. मग पाय गेला आणि ते कुशीवर आडवे झाले. डोळ्यांसमोर बुटांची रांग होती. एक टोक पुढे नाही, एक मागे नाही, नगाऱ्याचंसुद्धा. खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग भीती वाटली. 'विश्राम' एवढाच शब्द हवा होता. तोंडातून नुसती लाळ आली.

बूट हलले नाहीत. भिंतीची सावली त्या बुटांवरून सरकली, ऊन आलं, तरी हलले नाहीत. शेवटी साहेबांची गाडी फाटकातून आत आली आणि साहेबच ओरडत धावले.

जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. लगेच इस्पितळात आणलं असतं तर बोलणं तरी वाचलं असतं, असं डॉक्टरांनी बायकोला सांगितलं. संध्याकाळी ठाण्यातली माणसं भेटायला आली तेव्हा तिला राहवलं नाही.

"तुमच्यातला एकही हलला नाही?"

वायरलेसवाला म्हणाला, "वहिनी, हुकूम नव्हता. आम्हाला वाटलं, उस्ताद आमची परीक्षा घेतायत."

"अहो, माणूस पडला होता!"

आपलंच जुनं वाक्य तिच्या तोंडून ऐकून वायरलेसवाल्यानं मान खाली घातली. ती खाटेकडे वळली. "तुम्ही तरी सांगा ना यांना काहीतरी!"

उस्तादांनी तोंड उघडलं. सकाळपासून तोच एक शब्द ते शोधत होते. डावा ओठ थरथरला, गळ्याची शीर फुगली, आवाज काही आला नाही. खाटेच्या पायथ्याशी सगळे टाचा जुळवून उभे होते, नगारा पोट आत ओढून, आणि कुणी हलेना.