न मागवलेला माल

आजोबांनी कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून पस्तीस वर्षं काढली, पण न मागवलेला एक खिळासुद्धा कधी आत घेतला नाही. आता मात्र ते पेचात होते. मेहुणीच्या लग्नाचा फाटलेला फोटो रविवारपर्यंत कॉम्प्युटरवर जोडून देतो, असं ते मोठ्या तोऱ्यात बोलून बसले होते.

त्यासाठी लागणारा फुकटचा प्रोग्रॅम पॅकेज मॅनेजरकडून, म्हणजे इंटरनेटवरून प्रोग्रॅमची पॅकेजं आणून बसवणाऱ्या सोयीकडून, कसा मागवायचा, ते सूनबाईंनी दाखवलं. आजोबांनी काळ्या पडद्यावर एका बोटाने मागणीची ओळ टाइप केली. उत्तर आलं, सोबत आणखी शेहेचाळीस पॅकेजं येतील, चालेल का? आजोबांनी ताबडतोब ‘नाही’ दाबलं.

“अहो बाबा, काय केलंत हे!”

“मी एकच मागितलं होतं. बाकीची कुणी मागवली?”

“त्यांच्याशिवाय ते चालत नाही. तुमच्याकडे मोटर आली की तिच्याबरोबर पट्टा, नटबोल्ट यायचेच ना?”

“यायचे. पण चलानावर लिहिलेले असायचे.”

“मग ही वर यादी कसली आहे?”

“अगं, मग आधी सांगायचंस की!”

आजोबांनी चष्मा पुसला आणि एकेक नाव कागदावर उतरवून पेन्सिलीने खूण करायला घेतली.

“आटपा,” आजी आतून ओरडल्या, “रविवार उजाडेल!”

शेहेचाळीसावी खूण झाली, तेव्हा कुठे त्यांनी ती ओळ पुन्हा टाइप करून ‘हो’ दाबलं. दोन मिनिटांत प्रोग्रॅम बसला.

रविवारी जोडलेला फोटो पाहून मेहुणी हरखून गेली.

“ते राहू दे,” आजोबा म्हणाले, “आधी हा कागद बघ.”