थरथरता ठिपका

आढावा बैठकीत माझ्या आधी शिंदे मॅडमचं सादरीकरण होतं. आवाज ठाम, आकडे तोंडपाठ. पण समोरच्या पांढऱ्या भिंतीवर त्यांच्या लेझर पॉइंटरचा लाल ठिपका थरथरत होता. गावांच्या पाण्याच्या आलेखावर तो एका जागी ठरेना. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर तो आणखीच नाचायला लागला.

हाताचा एवढासा कंप एरवी कुणाला दिसलाही नसता. पण लांबून काही दाखवायला गेलं की तोच भिंतभर होतो. भीती लपवायला माणूस काय काय करतो! मी तर सगळ्या स्लाइड मजकुरानं गच्च भरून आणल्या होत्या. लोक वाचत बसतील, माझ्याकडे बघणार नाहीत, एवढीच आशा.

मॅडमनी पॉइंटर बंद केला. त्या सरळ भिंतीपाशी गेल्या आणि सगळ्यात बुटक्या स्तंभाशेजारच्या मोकळ्या जागेवर त्यांनी तळवा टेकवला. आलेखाचा निळा रंग त्यांच्या बोटांवर पसरला. "हे बघा, इथं पाणी कमी पडलं," त्या म्हणाल्या. हात आता हलत नव्हता.

परत येताना त्यांनी पॉइंटर माझ्या हातात दिला. तो घामानं ओला होता.

"फारच हललं तर जवळ जा," त्या हळूच म्हणाल्या. "हात टेकला की थांबतं."

मी उठलो. माझी पहिली स्लाइड भिंतीवर आली. वरपासून खालपर्यंत नुसती अक्षरं. हात टेकवायला कुठं जागाच नव्हती.